एका बिंदग्याचं शिंपण

निलूला त्या पुस्तकाचा मनस्वी राग आला होता. गुरुजींच्या पत्र्याच्या पेटीत गोष्टींची थोडी पुस्तकं होती, त्यातलं एक तिनं हट्टानं घरी आणलं. त्यात एक पोरगी भरदुपारी झोपते, भलत्याच मुलखात जाते, तिथं बोलणारी जनावरं भेटतात, नाना भानगडी होतात, आणि ऐन रंगात आल्यावर बाई जाग्या होतात. संपलं पुस्तक. सगळं स्वप्न होतं म्हणे.

"हे म्हंजी पंगतीत बसवायचं आन् वाढायच्या टायमाला ताट उचलून न्यायचं," ती अज्जाला म्हणाली. "एवढ्या लांब गेली तर काहीतरी घेऊन यायचं का न्हाई?"

अज्जा म्हणजे ईश्वरप्पा. नात जितकी बोलकी तितका हा मुका. दिवसभरात दोन-चार वाक्यं बोलायचा, पण ती ऐकावी लागायची.

"तुला पडलं तसलं सपान, तर तू घेऊन ये," एवढंच तो म्हणाला.

निलूचं कागदोपत्री नाव नीलम्मा. शेंदवाडीच्या शरणप्पाची ही थोरली लेक, वय वर्षं दहा, जीभ वर्षं तीस. जळकोटहून उदगीरकडे जाताना डाव्या हाताला जी माळरानं लागतात, त्यांच्या पोटात ही शेंदवाडी. त्या साली दोन गोष्टी एकदमच झाल्या. पावसानं तोंड काळं केलं, आणि लातूरचा वेगळा जिल्हा झाला. पाऊस कुठं गेला ते कुणाला सांगता येईना, म्हणून माणसं जिल्ह्यावरच बोलत बसायची. पारावर, गिरणीत, एसटीत तोच विषय. कुठलं गाव कुठं गेलं, कुठलं हापीस कुठं आलं, साहेब कोण येणार. ज्याच्या घरात प्यायला पाणी नाही तोसुद्धा कलेक्टर कचेरीची जागा चुकली की बरोबर, यावर तासभर भांडायचा.

ह्या दोन्ही गोष्टींचा फटका निलूला बसला तो असा. शरणप्पा आणि त्याचा धाकटा भाऊ चंद्रप्पा यांची शेतं शेजारी शेजारी, मधे एक बांध, आणि बांधाच्या टोकाला दोघांत मिळून एक विहीर. पाणी होतं तोवर भाऊ भाऊ होते. विहीर इंजिनच्या चार आचक्यांत कोरडी पडायला लागली तशी पाळ्यांवरून कुरबूर सुरू झाली. माझ्या पाळीला तूच इंजिन लावलंस, नाही तूच लावलंस. एक दिवस चंद्रप्पा रागाच्या भरात म्हणून गेला, "एवढे मोठे जिल्हे वायले होऊन राहिले, आपलं दोघांचं काय घेऊन बसलास?" शरणप्पानं ते शब्द उचलून धरले. बांधावर काट्या टाकून कुंपण घालायचं असं त्यानं जाहीर केलं. दिवाळीपासून दोन घरांचं बोलणं बंद झालं.

मोठ्यांचं बोलणं बंद झालं तर झालं, त्यांना एरवी तरी काय बोलायचं असतं? पण चंद्रप्पाची रतन, म्हणजे रत्नम्मा, ही निलूची जिवाची होती. दोघी एका फळीवर बसायच्या, एका पाटीवर दोन्ही बाजूंनी लिहायच्या. आता रतनला सक्त ताकीद होती. शाळेत ती दुसऱ्या कोपऱ्यात बसायची आणि निलूकडे बघायचीसुद्धा नाही, कारण बघितलं की तिला रडू यायचं. त्यात परवा बातमी कळली, की चंद्रप्पा रतनला हदगावला मामाकडे ठेवणार. तिकडं पाणी आहे, शाळा आहे, आणि तिकडं शरणप्पा नाही. येळवशीचा सण झाला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं.

 रतन गेली म्हणजे गेली. वर्षभरानं परत येईल तेव्हा ती हदगावची झालेली असेल, आणि इकडं बांधावर काट्या असतील.

आणि आज येळवस होती.

आमच्याकडे दिवाळीला घरी नाही आलात तर चालेल, येळवशीला शेतात आलंच पाहिजे. मार्गशीर्ष अमावास्येच्या ह्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवारात माणूस मावत नाही. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणून पुजायचं, ज्वारीच्या पिठाची ताकातली अंबील बिंदग्यातून, म्हणजे छोट्या घागरीतून, प्यायची, नाना शेंगाभाज्यांची भज्जी न् बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे खायचे, आणि वाटेनं जाणाऱ्या माणसाला हाताला धरून जेवायला बसवायचं. शेवटी उन्हं कलली की शिंपण. बिंदग्यात अंबील कालवून घ्यायची, लिंबाच्या डहाळीनं शेताच्या कडेकडेनं शिंपडत जायचं आणि ओरडायचं, "ओलगे ओलगे, सालम पलगे." त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. शेताला कळतो म्हणतात.

ईश्वरप्पाच्या घरची कोप आजवर बांधावर व्हायची, अर्धी ह्याच्या शेतात, अर्धी त्याच्या. ह्या वर्षी दोन कोपी झाल्या, एकमेकींकडे पाठ करून. कडबा आधीच कमी, त्याचेही दोन वाटे. कोंबड्या झाकायची डालगी बरी, एवढ्याएवढ्याशा त्या कोपी. शेजारच्या शेतातली माणसं येता-जाता बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

अज्जा कुठल्याच कोपीत बसला नाही. तो मधल्या बांधावर घोंगडं टाकून बसला. इकडून निलूच्या आईनं, गौरम्मानं, ताट पाठवलं, तिकडून रतनच्या आईनं, उमादेवीनं, पाठवलं. त्यानं दोन्ही ताटांतली भज्जी एकत्र कालवली आणि मुकाट जेवला. दोन्ही सुना लांबून बघत होत्या, दोघींनी एकाच वेळी पदर डोळ्याला लावला.

"शिंपण कवा करायचं?" शरणप्पानं बांधाजवळ येऊन विचारलं. दरसाल ते अज्जाच करायचा.

"केलं तर दोन्ही शेताला मिळून करीन," अज्जा म्हणाला. "न्हाई तर न्हाई."

"मंग ऱ्हाऊ द्या. आमचं आम्ही शिंपू, त्येचं तो बघंल."

पलीकडून चंद्रप्पानं हवेला उद्देशून सांगितलं, "हाव. ज्येचं त्येनं."

निलूनं हे ऐकलं आणि हातातला घास ताटात टाकला. सबंध दिवस ती संधी बघत होती. पण रतन तिच्या कोपीच्या तोंडाशी पाठमोरी बसलेली, शेजारी उमादेवी काकी, आणि बांधाच्या अलीकडे अप्पाचे, म्हणजे बापाचे, डोळे. एकदा रतननं मान वळवली. तिची एक वेणी सुटली होती. रतनची दोनांतली एक वेणी नेहमीच सुटलेली असायची आणि ती निलूच बांधायची.

अंबिलीत काय असतं देव जाणे, पण पोटभर प्याली की माणूस जागच्या जागी आडवा होतो. दुपारी सगळं शिवार झोपलं. शरणप्पा बाभळीखाली, चंद्रप्पा त्याच्या बांधाकडच्या लिंबाखाली. एक घोरला की दुसरा त्याला उत्तर द्यायचा. दोघा भावांचं एवढं बोलणं मात्र चालू होतं.

निलू रागारागानं वाट्यांमागून वाट्या अंबील प्याली होती. संध्याकाळच्या शिंपणासाठी बाजूला ठेवलेल्या बिंदग्याला टेकून ती कोपीत बसली. आता झोपायचं नाही, रतनकडे जायचं, असं तिनं ठरवलं. ठरवता ठरवता तिची हनुवटी छातीला लागली.

कोपीच्या मागच्या बाजूनं कुणीतरी कडबा सारला.

"चला, उठा. शिंपायचं टायम झालं," आवाज आला.

निलू त्या भोकातून बाहेर आली. शेत होतं तेच, पण ज्वारीची ताटं ताडाएवढी उंच झाली होती आणि ढेकळांच्या टेकड्या. समोर एक खेकडा उभा होता, बैलगाडीएवढा. डोक्याला फेटा, आणि अंगावर विहिरीतला वाळलेला चिखल.

"हे सपान हाय," निलू लगेच म्हणाली. "मला ठाऊक हाय. मला फसवायचं न्हाई."

"आम्हाला बी ठाऊक हाय," खेकडा म्हणाला. "म्हणून काय काम चुकलंय? आम्ही हितले नवीन साहेब. हिरीत ऱ्हात होतो, पाणी आटलं, वर आलो. वर आलो तर जिल्हा करायचं चाललं व्हतं. दोन नांग्या बघून मला घेतलं. एका नांगीनं मंजूर करतो, दुसरीनं नामंजूर."

"हळू बोला," खालून कुणीतरी कण्हलं. एक टिटवी ढेकळात उताणी पडून दोन्ही पाय वर करून होती. "मी आभाळ धरून राहिले. हसू आलं तर सुटंल."

खेकड्यानं निलूला सगळा कारभार समजावून सांगितला. ह्या शेताचे दोन जिल्हे करायचे होते. पाऊस पलीकडच्या जिल्ह्याला दिला होता, ढग अलीकडच्या, त्यामुळे कुठंच पडत नव्हता. आता तेवढी शीव, म्हणजे हद्द, पाडायची राहिली होती. ती साहेबानं स्वतः पाडून बघितली, पण साहेब आडवे चालणारे. नीट निघाले तरी पोचायचे तिसरीकडेच.

"शिवेला माणसाच्या हातचं शिंपण लागतं," खेकडा म्हणाला. "बिंदगं घे. मधल्या बांधानं चल. शिंपण वाळलं की झालं. मंग हिकडच्यांनी तिकडचं इसरायचं."

"इसरायचं म्हंजी?"

"म्हंजी इसरायचं. तरास न्हाई ऱ्हात. ह्या टिटवीला इचार. हिची बहीण तिकडं व्हती."

"बहीण म्हंजी काय?" टिटवीनं विचारलं, आणि ती खरोखरच विचारत होती.

निलूच्या अंगावर काटा आला. पण तोवर बिंदगं तिच्या कमरेवर होतं, डहाळी हातात होती, आणि पाय आपोआप बांधाकडे निघाले होते. स्वप्नात पाय कुणाचं ऐकतात?

तिनं बांधाच्या सुरुवातीला पहिलं शिंपण टाकलं. पांढरे थेंब मातीत जिरले, आणि निलूच्या डोक्यातून काहीतरी निसटलं. त्या दोघी चिंचेखाली एक खेळ खेळायच्या. कुठला बरं? तिनं अजून एकदा डहाळी झटकली. आता कुणाशी खेळायची ते नाव जिभेवर येईना. बांधाच्या पलीकडे कुणीतरी बसलं होतं, पाठमोरं. असेल कुणीतरी. आपल्याला काय.

त्या कुणाची तरी एक वेणी सुटलेली होती.

निलू थांबली. नाव आठवेना, आवाज आठवेना, पण हाताच्या बोटांना ती वेणी आठवत होती. तीन पेड, रिबिनीची दुहेरी गाठ, आणि "आई गं, हळू ओढ की." ती नुसती उभी राहिली आणि तिला मोठं रडू आलं.

"थांबू नगं," खेकडा म्हणाला. "दिस बुडायच्या आत शीव झाली पायजे."

"शीव करते," निलू म्हणाली. "पर हितनं न्हाई."

तिनं बांध सोडला आणि शेताच्या बाहेरच्या कडेनं चालायला लागली. डहाळी बुडवायची, झटकायची, पुढं जायचं. आपलं शेत संपलं, पलीकडचं लागलं, ती थांबली नाही. खेकडा तिच्या मागं धावायला गेला, पण त्याला सरळ धावता येईना, तो दर वेळी करडईत जाऊन घुसायचा.

"अगं, तिकडं दुसरा जिल्हा हाय," तो करडईतून म्हणाला.

"त्या पुस्तकातली पोरगी रिकाम्या हातानं घरी गेली," निलूनं त्याला सांगितलं. "मी न्हाई जाणार."

विहिरीपाशी वाट निमुळती झाली होती. विहिरीला कठडा नव्हता. निलूनं पाऊल टाकलं ते मोकळ्या हवेतच पडलं, खालून गार काळोख वर आला, आणि तेवढ्यात कशानं तरी तिचं कोपर घट्ट धरून तिला कडेला आणलं. तिनं वळून बघितलं तर कुणी नव्हतं. वारा असेल म्हणून ती पुढं निघाली.

"ओलगे ओलगे," ती ओरडली.

"सालम पलगे," मागून घोगरी साथ आली. बेडूक असावा.

फिरत फिरत ती निघाली तिथं पोचली तेव्हा बिंदगं रिकामं झालं होतं. दोन्ही शेतांभोवती एकच शीव पडली होती, आणि मधे काही नव्हतं. खेकडा धापा टाकत आला, बघत राहिला.

"हा तर एकच जिल्हा झाला," तो म्हणाला. मग त्यानं फेटा काढला आणि खाली बसला. "बरं झालं माय. दोन-दोन जागी आडवं चालणं मला झेपणारच नव्हतं."

टिटवीनं हळूच एक पाय खाली घेतला, मग दुसरा. आभाळ होतं तिथंच राहिलं. "माझी बहीण कुठाय?" ती म्हणाली, आणि उडाली.

"रतन," निलू म्हणाली. नाव आलं, आणि ती जागी झाली.

ती कोपीच्या दारात उभी होती. उन्हं कलली होती. पाय धुळीनं माखलेले, हातात लिंबाची डहाळी, कमरेवर रिकामं बिंदगं. अप्पा बाभळीखालून उठून तिच्याकडे बघत होता.

"शिंपणाची अंबील कुठं गेली?"

निलूनं रिकाम्या बिंदग्यात डोकावून बघितलं. तेवढ्यात बांधापलीकडून चंद्रप्पाचा आवाज आला. "माझ्या शेताला कुणी शिंपलं?"

सगळे धावले. सुकल्या ज्वारीच्या पानांवर, करडईच्या काट्यांवर, कडेच्या धुऱ्याच्या दगडांवर पांढरे थेंब पडले होते. दोन्ही शेतांना बाहेरून वळसा घालून ओळ गेली होती, अगदी विहिरीच्या काठावरूनसुद्धा. मधल्या बांधावर मात्र सुरुवातीचे दोन शिंतोडे सोडले तर टिपूस नव्हतं.

शेताला शिंपण वर्षातून एकदाच. दुसऱ्यानं केलं म्हणून ते पुसता येत नाही आणि पुन्हा करता येत नाही. दोघे भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले. भांडायला विषय आयता होता, पण दोष कुणाला द्यायचा ते ठरेना.

"मी केलं," निलू कशीबशी म्हणाली. "झोपेत केलं. मला ठाऊक न्हाई."

शरणप्पाचा हात वर गेला. अज्जा बांधावरून उठला. त्यानं घोंगडं उचलून झटकलं.

"एका बिंदग्याचं शिंपण, एका कोपीचं जेवण," तो म्हणाला. "आपल्या घराण्यात हे आजवर कुणी मोडलं न्हाई."

असली म्हण दोघांपैकी कुणी जन्मात ऐकली नव्हती. पण ऐकली नाही असं बापाच्या तोंडावर म्हणायचं कुणी? शरणप्पानं चंद्रप्पाकडे बघितलं, चंद्रप्पानं शरणप्पाकडे. ते बघत होते तोवर गौरम्मानं भज्जीचं पातेलं उचललंसुद्धा होतं, आणि पलीकडून उमादेवी उंड्यांची दुरडी घेऊन निघाली होती. बायका अशा वेळी म्हणीची खातरजमा करत बसत नाहीत.

दोन्ही कोपींचा कडबा ओढून बांधावर एक कोप उभी केली. पंगत बसली. भाऊ शेजारी बसले, पण दोघांच्या माना खाली. 

"अंबील पातळ झाली," शेवटी चंद्रप्पा म्हणाला.

सगळ्यांचे घास थांबले.

"ताक कमी व्हतं," शरणप्पा म्हणाला. "म्हैस आटली."

"मंग सांगायचं व्हतं. माझ्याकडं व्हतं की ताक."

 शरणप्पानं आपल्या ताटातला उंडा उचलून भावाच्या ताटात ठेवला आणि डोळे पुसले. मिरची लागली म्हणाला. मग परवाची पाण्याची पाळी तू घे, नाही तूच घे, असं सुरू झालं. भांडण तेच होतं, फक्त उलट्या दिशेनं चाललं होतं.

"सकाळच्या गाडीचं कसं?" उमादेवीनं हळूच विचारलं.

"जाऊ दे गाडी," चंद्रप्पा म्हणाला. "मामाला निरोप देऊ."

निलूनं हे ऐकलं. तिला हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही एकदम. रतन येऊन तिच्याकडे पाठ करून बसली आणि सुटलेली वेणी मागं टाकली. निलूनं तीन पेड केले.

"आई गं, हळू ओढ की," रतन म्हणाली.

दिवस मावळल्यावर सगळे गावाकडे निघाले. अज्जा आणि निलू मागं राहिले. निलूचं लक्ष अज्जाच्या धोतराकडे गेलं. सोग्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरे शिंतोडे उडाले होते, आणि पोटरीवर करडईचे ओरखडे.

"अज्जा, तू झोपला न्हाईस दुपारी?"

"त्या दोघांचं घोरणं ऐकत पडलो व्हतो. तू उठलीस, बिंदगं घेतलंस. डोळं उघडं, पर नदर न्हाई. मागं मागं आलो."

निलूला विहिरीवरचा गार काळोख आठवला, आणि कोपराला बसलेला तो हात. तिनं अज्जाचा हात धरला. तळवा खरखरीत होता.

"मंग मला उठवलं का न्हाईस? हिरीत पडले असते म्या."

"उठवणारच व्हतो. आधी बांधानं निघालीस, तवा हात पुढं केला व्हता," अज्जा म्हणाला. "मंग तू बांध सोडून भायेरनं वळलीस. म्हणलं, झोपू दे पोरीला. जागेपणी आमच्यापैकी कुणालाच ते जमलं न्हाई."

पुढं रतन वाटेत थांबली होती. तिनं हाक मारली तशी निलूनं रिकामं बिंदगं अज्जाच्या हातात दिलं आणि पळत गेली.